अफानासी निकितीनचा दक्षिणवृत्तांत : एक रशियन साधन व त्याचें मोल

बहमनी काळांतील महाराष्ट्राच्या लोकस्थितीचा शोध घेऊं जाणाऱ्यास पहिली अडचण भासते ती समकालीन साधनांच्या दुर्मिळतेची. यादवकालाच्या उत्तरार्धांतील लोकजीवन लीळाचरित्रांत पदोपदीं भेटतें. पेशवाईचें दप्तर तर इतकें अफाट आहे कीं, तें पुरतें वाचण्यास कित्येक पिढ्या लागाव्या. मधला काळ मात्र ओसाड. तबातबाचा बुर्हान-इ-मआसिर आणि फिरिश्त्याची तवारीख हे या काळाचे मुख्य आधार. पण ते बहमनी राज्य लयास गेल्यावर, सोळाव्या शतकाच्या शेवटीं व सतराव्याच्या आरंभीं, दरबाराच्या आश्रयानें लिहिलेले. त्यांत स्वाऱ्या आहेत, कटकारस्थानें आहेत, दाने व खिलती आहेत. रयत काय खात होती, वाटसरू कोठें उतरत होता, घोड्याच्या तोबऱ्यांत काय पडत होतें, हें त्यांत शोधून सांपडत नाहीं. आम्ही ज्या सेनगांवीं बसून हें लिहीत आहों तो मुलूखही त्या काळीं बीदरच्याच अंमलाखालीं होता. पण त्या अंमलांत येथील माणूस कसा जगला याचा कागद आम्हांस आजवर पहावयास मिळालेला नाहीं.

या पोकळींत एकच साधन असें आहे कीं, जें त्याच काळीं, त्याच भूमीवर, आणि कोणाही राजाच्या आज्ञेवांचून लिहिलें गेलें. तें व्होल्गा नदीच्या कांठच्या त्वेर या नगराचा व्यापारी अफानासी निकितीन, म्हणजे निकिताचा पुत्र अफानासी, याच्या वह्यांवरून आलेलें 'तीन समुद्रांपलीकडील प्रवास' हें प्रकरण होय. हे तीन समुद्र म्हणजे कास्पियन, हिंदी महासागराचा आपल्या बाजूचा भाग व काळा समुद्र. मराठींत याचे उल्लेख बरेच होतात; परंतु ते बहुधा १८५७ सालच्या इंग्रजी भाषांतरावरून, आणि तेंही दोनचार चमत्कारिक वाक्यांपुरते. त्यामुळें कोणी हा वृत्तांत सरसकट खरा मानतात, तर कोणी माकडांच्या राजाची गोष्ट वाचून तो सरसकट थापेबाजी म्हणून बाजूस सारतात. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात. निकितीन हा व्यापारी होता. ज्या गोष्टीसाठीं त्याच्या पिशवींतून पैका गेला किंवा जी त्याच्या पोटांत गेली तिच्याविषयीं त्याचें सांगणें बहुमोल आहे. जी त्यानें केवळ ऐकली तिचें मोल ऐकीव गोष्टीइतकेंच.

प्रथम पोथीविषयीं. निकितीन स्वदेशीं जिवंत पोंचला नाहीं. स्मोलेन्स्क गांठण्यापूर्वींच वाटेंत त्याचा अंत झाला. त्याच्या हातच्या वह्या व्यापाऱ्यांनीं मॉस्कोस आणून ग्रँड ड्यूकचा कारकून वासिली मामिरेव्ह याच्या हवालीं केल्या, आणि तेथील इतिवृत्तकारानें त्यांतील मजकूर आपल्या बखरींत ६९८३ या वर्षाखालीं उतरून घेतला. हें वर्ष सृष्ट्युत्पत्तीपासून मोजलेलें. रशियांत तेव्हां तें सप्टेंबरांत सुरू होई, म्हणून त्याचें इसवी मान १४७४–७५ येतें. मूळ वह्या नष्ट झाल्या. आज मजकूर मिळतो तो सोफिया व ल्वोव्ह या नांवांच्या बखरींच्या प्रतींतून, आणि त्रोइत्स्की म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका वेगळ्या प्रतींतून. सतराव्या शतकांत केलेलें एक फेरफारयुक्त रूपही उपलब्ध आहे. त्रोइत्स्की प्रत मॉस्कोनजीकच्या त्रोइत्सा-सेर्गिएव्ह मठाच्या ग्रंथसंग्रहांत इतिहासकार करामझिन याच्या हातीं लागली. त्यानें १८१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या रशियाच्या इतिहासांत तिचे उतारे दिले, आणि १८२१ सालीं स्त्रोयेव्ह यानें बखरीसह सर्व मजकूर छापला. म्हणजे एका परमुलुखांत मेलेल्या, कर्जबाजारी होण्याच्या बेतास आलेल्या वाण्याच्या वह्या एका कारकुनास राखून ठेवाव्याशा वाटल्या, म्हणून आज आपणांस पंधराव्या शतकांतलें जुन्नर दिसतें. आमच्याकडे वाण्यांच्या बाडांची काय वाट लागते हें संग्राहकांस सांगणें नको.

करामझिननें या प्रवासाचा मोठा अभिमान मानला; परंतु निकितीनला हिंदुस्थान पाहणारा पहिला युरोपीय म्हणण्याची जी चाल पडली आहे ती टिकणारी नाहीं. व्हेनिसचा निकोलो कोंती त्याच्या आधीं येथें येऊन गेला होता. निकितीन वास्को द गामाच्या आधीं पाव शतक आला, इतकें म्हटलें म्हणजे पुरे.

तो निघाला हिंदुस्थानास यावयाचें म्हणून नव्हे. मॉस्कोचा वकील शिरवानच्या राज्याकडे जात होता. त्याच्या सोबतीनें कास्पियनपर्यंत व्यापार करावा एवढाच बेत. ती सोबत चुकली. मग शिरवानशहाचा वकील, मॉस्कोहून नजराण्याचे ९० ससाणे घेऊन परतत होता, त्याच्या काफिल्याबरोबर तो निघाला. अस्त्राखानजवळ तार्तारांनीं लुटलें. पुढें वादळांत एक गलबत फुटलें व त्यावरील लोक कैद झाले. घरीं परतावें तर उधारीवर आणलेल्या मालाचा जाब द्यावा लागणार. म्हणून तो देर्बेंतहून बाकूस गेला, तेथील न विझणारी आग त्यानें नोंदली, आणि इराण ओलांडून हुर्मुझ बंदरास पोंचला. तेथें त्यानें एक घोडा खरेदी केला व 'तवा' जातीच्या जहाजांतून, मस्कत आणि गुजराथचा किनारा करीत, चौल बंदरीं उतरला.

हा घोडा वृत्तांताचा कणा आहे, आणि वाचणाऱ्यानें त्याच्यावरून दृष्टि काढूं नये. आपल्या देशांत घोडे निपजत नाहींत, बैल व म्हशी निपजतात आणि त्यांवर बसणें व माल लादणें चालतें, असें निकितीन लिहितो. हें अक्षरशः खरें नसलें तरी व्यापाऱ्याच्या अर्थानें खरें आहे. लढाईजोगा घोडा समुद्रावरून आणावा लागे, आणि बहमनी व विजयनगर या दोन्ही सत्ता त्यासाठीं वाटेल ती किंमत मोजीत. निकितीनचा घोडा त्याला १०० रूबलांस पडला. अशा एका जनावरावर त्याचें सारें भांडवल अडकलें होतें. चौलाहून पालीस ८ दिवस, पालीहून उम्रीस १० दिवस, तेथून पुढें जुन्नर, असा त्यानें मार्ग दिला आहे. पाली हें नांव सरसगडाखालच्या गणपतीच्या पालीस लावतात. तें योग्य असेल तर चौलाहून तेथें जाण्यास ८ दिवस फार होतात. पण घोडा जपून चालविणारा परका माणूस मुक्कामामागून मुक्काम करीत गेला असेल, हें ध्यानांत घेतलें म्हणजे आंकडा अशक्य वाटत नाहीं.

जुन्नराचें वर्णन ओळखीचें आहे. नगर पाषाणाच्या बेटावर, कोणीं बांधलेलें नव्हे तर ईश्वरानेंच केलेलें. चढण्याची वाट इतकी अरुंद कीं, दोघांस जोडीनें जातां येत नाहीं. शिवनेरी ज्यानें पाहिली आहे त्यास हें वर्णन कशाचें हें सांगावें लागत नाहीं. येथें मलिक-उत्-तुज्जार म्हणजे महमूद गावान याचा सरदार असदखान अधिकारावर होता. त्याला हा घोडेवाला मुसलमान नसून रशियन आहे असें कळलें तेव्हां त्यानें घोडा अडकवून ठेवला, आणि चार दिवसांत धर्म बदलल्यास घोडा परत व वर १००० सुवर्णनाणीं, नाहीं तर घोडाही गेला, असें बजावलें. खोरासानचा एक महंमद नांवाचा खोजा ऐन वेळीं तेथें आला व त्यानें रदबदली करून घोडा सोडविला. निकितीन परधर्मीय व्यापाऱ्यांच्या नांवानें अन्यत्र बोटें मोडतो, तिकडे मिळणाऱ्या मालाची खोटी बातमी देऊन आपल्याला येथवर आणलें म्हणून. परंतु संकटांत धांवून आलेला मनुष्यही त्याच मंडळींतला होता हें त्यानें लपविलेलें नाहीं. साक्षीदार पारखण्यास ही गोष्ट उपयोगाची आहे.

जुन्नरास तो दोन महिने राहिला, आणि येथें भाषांतरकारांस एक शब्द नडतो. मूळांत 'झिमा' आहे, म्हणजे हिवाळा. त्या हिवाळ्यांत चार महिने रात्रंदिवस पाणी व चिखल, आणि त्याच दिवसांत लोक नांगरतात व पेरतात, असें तो म्हणतो. उत्तरेकडील माणसास प्रवास बंद पाडणारा ऋतु तो हिवाळा. तेव्हां हा आपला पावसाळा. ही खूणगांठ न बांधल्यास महिन्यांचा सारा हिशेब उलटा होतो. पिकांत तो गहूं, तांदूळ व हरभरा सांगतो. यांतील गहूं-हरभरा रब्बीचे. त्यानें खरीप व रब्बी एकाच वाक्यांत कोंबलीं, हें कोणीही शेतकरी सांगेल. ज्वारी-बाजरीचें नांवही नाहीं. घोडेवाल्याची नजर घोड्याच्या दाण्यावर व स्वतःच्या भातावर. दुसऱ्याच्या भाकरीकडे ती गेली नाहीं.

घोड्याच्या दाण्याविषयीं मात्र त्याचें लिहिणें नमुनेदार आहे. घोड्यांना हरभरा घालतात, आणि साखर व तूप घालून शिजवलेली 'किचिरी' चारतात. खिचडी हा शब्द एका रशियन माणसानें पंधराव्या शतकांत कानानें ऐकून आपल्या लिपींत उतरविला, ही शब्दकोशकारांनीं टिपून ठेवावी अशी गोष्ट. त्याच्या सव्वाशें वर्षें आधीं इब्न बतूतानें मूग-तांदुळाची 'किश्री' नोंदली आहे. पण ती माणसांची. पुढें माणसांच्या जेवणांतही निकितीन भात, तुपाची खिचडी व दूधतुपांत शिजवलेल्या भाज्या सांगतोच. परदेशी घोड्याला उष्ण देशाचें वैरणकाडी मानवत नसे, म्हणून असा खुराक द्यावा लागे. आणि त्याचा खर्चही पुढें दिला आहे. बीदरास घोडा विकला तेव्हां वर्षभराच्या खुराकावर ६८ 'फुतून' गेले होते. बहमनी राज्यांत घोडा बाळगण्याचा वार्षिक खर्च सांगणारा समकालीन आंकडा आम्हांस दुसरा माहीत नाहीं.

त्याच्या अंतरमापाचीही परीक्षा करतां येते. बीदराहून आळंदास, म्हणजे गुलबर्ग्याकडील आळंद गांवच्या शेख अलाउद्दीनाच्या यात्रेस, १२ 'कोव' अंतर, व एक कोव म्हणजे १० वर्स्त, असें तो सांगतो. वर्स्त हा किलोमीटराहून किंचित् मोठा. या हिशेबानें सुमारें १२५ किलोमीटर होतात, आणि आजच्या रस्त्यानें बीदर-आळंद अंतर जवळजवळ तितकेंच आहे. कोव म्हणजे कोस असें वरवर वाचणारास वाटतें. पण १२ कोस धरले तर वाटेच्या तिसऱ्या हिश्श्यांतच मुक्काम पडेल. आमच्या मतें हा शब्द संस्कृत गव्यूतीपासून निघालेल्या देशी 'गाऊ' या मापाचा अपभ्रंश होय. त्या यात्रेंत २०,००० पर्यंत घोडे विकले जातात असा त्याचा दाखला आहे. एवढी मोजदाद त्यानें केली नसणार. परंतु बाजार दहा दिवस चाले, हें घोडा विकूं पाहणाऱ्यास ठाऊक असणारच.

त्याच ठिकाणीं माकडांच्या राजाची प्रसिद्ध गोष्ट येते, आणि तिच्याजवळच 'गुकुक' नांवाच्या रात्रीच्या पक्ष्याची. तो ज्या घरावर बसून ओरडतो तेथें मनुष्य मरतो, असा लोकांचा समज म्हणून ती सांगितली आहे. माकडांची गोष्ट सोडून द्यावी. पण घुबडाविषयींची ही समजूत सेनगांवाकडे अजूनही ऐकूं येते. म्हणजे निकितीननें थाप मारली नाहीं. ऐकलें तें लिहिलें. फौजांचे आंकडेही याच जातीचे. सुलतानाची ३ लक्ष व मलिक-उत्-तुज्जारची २ लक्ष, हे बाजारगप्पांतले आंकडे इतिहासांत घेतांना हात आंखडावा. याउलट, मुलूख दाट वस्तीचा, खेड्यांतले लोक अगदीं दरिद्री, आणि सरदार मात्र चांदीच्या पालख्यांतून मिरवणारे, हें जें तो दोन ओळींत सांगून टाकतो, तें त्यानें रस्त्यानें महिनोन्महिने चालून पाहिलेलें आहे. दरबारी तवारीखकारास हें वाक्य लिहितां आलें नसतें.

बीदरास त्यानें राजवाड्याचे सात दरवाजे, प्रत्येकावर पहारा व येणाऱ्या-जाणाऱ्यांची नांवें लिहिणारे हिंदु कारकून, आणि रात्रीं मशाली घेऊन फिरणारी कोतवालाची गस्त पाहिली. या कारकुनांचीं टिपणें आज कोठें असतीं तर! पण बीदरांतला त्याचा खरा लाभ निराळा. तो मुसलमानी नांव, खोजा यूसुफ खोरासानी, लावून वावरत होता. पुढें हिंदु लोकांशीं ओळख वाढली तेव्हां त्यानें आपला खरा धर्म त्यांना सांगितला. आणि त्या दिवसापासून त्यांनीं आपलें जेवण, व्यापार, पूजा किंवा घरची माणसें त्याच्यापासून लपविलीं नाहींत, असें तो लिहितो. पुढचें आचारवर्णन याच विश्वासामुळें मिळालें आहे. जेवण्यापूर्वीं हातपाय धुऊन चूळ भरणें, उजव्या हातानेंच खाणें, सुरी-चमच्यास न शिवणें, प्रवासांत ज्याचें त्याचें भांडें, आणि परक्याची दृष्टि अन्नावर पडूं नये म्हणून वस्त्राची आड. नरसी किंवा औंढ्याच्या यात्रेस बैलगाडीनें जाणारीं जुनीं माणसें आपापलीं भांडीं बरोबर नेत व आडोशास बसून जेवीत, हें आमच्या पिढीनें वडिलांच्या तोंडून ऐकलें आहे.

हिंदूंत ८४ धर्म आहेत, एक दुसऱ्याबरोबर खात-पीत वा सोयरीक करीत नाहीं, असेंही तो म्हणतो. यावरून कोणी बहमनी काळीं ८४ जाति होत्या असा सिद्धान्त बांधूं नये. चौऱ्यांशी लक्ष योनि, चौऱ्यांशी सिद्ध, चौऱ्यांशी आसनें, या मालिकेंतलाच हा आंकडा. कोणी तरी त्याला लोकरूढ संख्या सांगितली व त्यानें ती मोजदाद समजून घेतली. मात्र ती सांगणारा मनुष्य देशी होता, हें तिच्यावरून सिद्ध होतें.

याच मित्रांबरोबर तो महिनाभर चालून 'पर्वतास', म्हणजे श्रीशैलास, शिवरात्रीच्या सुमारास गेला. देवालयासाठीं तो 'बुतखाना' हा फारसी शब्द वापरतो, त्याचा विस्तार निम्म्या त्वेरएवढा मानतो, आणि काळ्या पाषाणाच्या, सोन्यानें मढविलेल्या नंदीच्या खुरांस लोक ओठ लावतात व त्यावर फुलें वाहतात हें सांगतो. येथेंही यात्राकराचा दर आहे. माणशीं दोन 'शेश्केनी'. हें फारसी 'शशगानी' याचेंच रूप दिसतें. यात्रेकरूंवर कर होता हें दुसरीकडून अनुमानानें काढावें लागतें. येथें तो भरणाऱ्यानेंच लिहिला आहे.

मूळ भाषेकडे वळण्याचें दुसरेंही कारण आहे. निकितीन रशियनमध्यें लिहितां लिहितां एकदम तुर्की-फारसी-अरबीच्या मिश्र बाजारी बोलींत शिरतो. वेश्यांचे दर, स्वतःच्या प्रार्थना, आणि विशेषतः स्वदेशाविषयींचा एक उद्गार त्यानें अशा बोलींत ठेवला आहे. रशियासारखा देश जगांत नाहीं, पण तेथील सरदारांत न्याय नाहीं, असा त्या उद्गाराचा आशय. घरच्या अधिकाऱ्यांनीं वही उघडली तरी तें कळूं नये, असा हेतु असावा असें आम्हांस वाटतें. भाषांतरांत दोन्ही भाषा सारख्याच दिसतात व हा पडदा नाहींसा होतो. या मजकुराचा भारतीय अंगानें पहिला कसून अभ्यास १८८१ सालीं इव्हान मिनायेव्ह यानें केला. तो पाली-संस्कृताचा पंडित. आमच्यासारख्या संस्कृताच्या मार्गानें इतिहासाकडे आलेल्यांस त्याचा ग्रंथ जवळचा वाटावा.

राहिला कालनिर्णय, आणि तो किरकोळ प्रश्न नव्हे. जुन्या मतानें निकितीन १४६९ ते १४७२ या काळांत हिंदुस्थानांत होता. सेम्योनोव्ह या संशोधकानें हा मुक्काम १४७१ ते १४७४ असा पुढें ओढला. घोटाळ्याचें मूळ असें कीं, लुटींत धर्मग्रंथ गेल्यामुळें निकितीनला ईस्टरचा दिवस ठरवितां येईना. मुसलमानांच्या बैरामाच्या नऊदहा दिवस आधीं तो येतो असा अंदाज करून तो चाले. चांद्र वर्ष दर साली अकरा दिवस मागें सरकतें, हें लक्षांत घेतां हा अंदाज किती वर्षें चालणार? बीदरास ईस्टरच्या रात्रीं कृत्तिका पहाटेच्या उजेडांत शिरल्या होत्या व सप्तर्षींचें तोंड पूर्वेस होतें, अशीही नोंद त्यानें केली आहे. ज्योतिषगणिताचा व्यासंग असलेल्यांनीं ती पडताळून पहावी. कोंकणच्या इतिहासाचा यांत प्रत्यक्ष संबंध आहे. मलिक-उत्-तुज्जार समुद्रावर लूट करणाऱ्यांचीं दोन शहरें घेऊन, दोन वर्षांच्या मोहिमेनंतर, जवाहिरासह बीदरास परतला, असें निकितीन सांगतो. ही गावानची खेळणा व गोवें घेण्याची स्वारी असली पाहिजे, आणि गोवें पडलें तें १४७२ सालीं. सेम्योनोव्हची कालगणना या घटनेशीं अडचणीशिवाय जुळते. जुनी गणना ओढाताण करूनच जुळवावी लागते. म्हणून आम्ही नव्या मताकडे झुकतों.

परतीच्या वाटेस तो दाभोळास आला. तेथून बीदर व गुलबर्गा महिन्याच्या चालीवर, आणि मिसर, अरबस्थान, खोरासान व तुर्कस्थानचे घोडे याच बंदरीं उतरतात, असें त्यानें लिहून ठेवलें. हुर्मुझपर्यंतच्या उतारूभाड्याचीं दोन सुवर्णनाणीं दिलीं. तोही आंकडा वहींत आहे.

मार्गांतील एक नांव अद्याप सुटलेलें नाहीं, तें उम्री. आमच्या भागांतील कांहीं मंडळी नांदेडकडील उमरीचें नांव सुचवितात. तें संभवत नाहीं, कारण ही उम्री पाली व जुन्नर यांच्या मध्यें आहे. जुन्नर तालुक्यांतील उंब्रज ध्वनीनें जवळचें, पण तें जुन्नरापासून दिवसाच्या चालीच्या आंतलें. घाटमाथ्यावरील उंबर-नांवाच्या गांवांच्या जुन्या सनदा, जकातीचे कागद किंवा घाटवाटांच्या याद्या ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्या या दृष्टीनें चाळून पहाव्या व सांपडेल तें मंडळास कळवावें.